कापसाच्या ढिगात सापडलेलं एक-दोन दिवसांचं पिल्लू, काकूंची व्यालेली मांजर त्याला पाजेल का?

सातपुड्याची लेक

नमस्कार सगळ्यांना, घाईत टाइप करतेय, समजून घ्या. आम्ही चोपडा तालुक्यात राहतो. भाव वाढेल म्हणून कापूस अजून विकला नाही, मागच्या खोलीत आढ्यापर्यंत भरून ठेवलाय आणि त्या कापसात एक बाहेरची मांजर कधी येऊन व्याली आम्हाला पत्ताच नाही. काल संध्याकाळी ती मांजर रस्त्यावर गाडीखाली गेली, आणि रात्री मागच्या खोलीतून एकदम बारीक चीं चीं ऐकू यायला लागलं तेव्हा ह्यांनी बॅटरी घेऊन शोधलं तर तीन पिल्लं सापडली, दोन थंड पडून गेलेली, एक जिवंत. डोळे बंद, कान डोक्याला चिकटलेले, पोटाला नाळेचा वाळका तुकडा अजून लटकून राहिलाय. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं तर ९० ग्रॅम भरलं.

आमच्या मागच्या गल्लीत माझ्या चुलत सासूबाई राहतात, त्यांची चिंगी आठवड्याभरापूर्वी व्यालीय, तिला तीन पिल्लं आहेत, त्यांचेही डोळे अजून उघडले नाहीत. माझ्या मनात आलं की हे पिल्लू तिच्याकडे द्यावं. काकू तयार आहेत पण त्यांना भीती वाटते की माणसाचा हात लागलेलं पिल्लू मांजर मारून टाकते, किंवा ह्याच्यामुळे ती स्वतःचीही पिल्लं सोडून देईल. जिजी म्हणतात कापसाची वात गाईच्या दुधात भिजवून तोंडात दे, आम्ही पूर्वी असंच जगवायचो. मी अजून काहीच पाजलं नाही, कोणाला तरी विचारूनच करायचं असं ठरवलं. पिल्लू आत्ता गोधडीत आहे, फार हालचाल करत नाही आणि अंग गार लागतंय. प्लीज कोणाला माहीत असेल तर लवकर सांगा, आज थंडी पण भलती आहे.

भुसावळकर

ताई सगळ्यात आधी ऊब. दूध, वात, चिंगी सगळं नंतर. तुम्ही लिहिलंय अंग गार लागतंय, तर अशा पिल्लाला काहीही पाजू नका, अगदी मांजरीलाही लावू नका अजून. एवढ्या लहान पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, तीन-चार आठवड्यांचं होईपर्यंत ते आईच्या पोटाच्या उबेवरच असतं. अंग गार पडलं की पोटाचं काम थांबतं, दूध गेलं तरी पचत नाही, आत नासतं, पोट फुगतं आणि गिळायची ताकद नसल्यामुळे ते सरळ फुफ्फुसात जातं. आपल्याकडे माणसं भुकेनं मरेल म्हणून घाईघाईत दूध पाजतात आणि पिल्लू त्यानंच जातं.

गोधडी स्वतः गरम नसते, ती फक्त असलेली ऊब धरून ठेवते, आणि ह्या पिल्लाकडे धरून ठेवायला ऊबच नाहीये. शेकायची रबरी पिशवी असेल तर ती, नाहीतर प्लॅस्टिकच्या बाटलीत गरम पाणी (उकळतं नाही), त्याला टॉवेलचे दोन वेढे, आणि ती खोक्याच्या एका बाजूला ठेवायची. एकाच बाजूला, कारण जास्त गरम झालं तर पिल्लाला सरकून लांब जाता आलं पाहिजे. पाणी निवलं की बदला. बल्ब लावणार असाल तर जुना पिवळा तारेचा बल्ब लागतो, एलईडीची काही ऊब येत नाही, आणि रात्री लाईट गेली तर पंचाईत, म्हणून बाटलीच बरी. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या जागी साधारण २९ ते ३२ डिग्री पाहिजे, आपल्याकडे मे महिन्यात ते फुकट मिळतं पण आत्ता नाही. सगळ्यात सोपं म्हणजे तुम्ही स्वतः ब्लाउजच्या आत किंवा स्वेटरच्या आत छातीशी धरून बसा. तास-दीड तास लागू द्या, एकदम भट्टीत ठेवल्यासारखं नको. हेअर ड्रायर वगैरे नको.

गरम झालं की नाही ते पाहायला करंगळी हळूच तोंडात घाला, आतून गार लागलं तर अजून वेळ द्या. कोमट लागलं आणि ते बोट चोखायला लागलं की समजा पोट चालू झालं. फारच मरगळलेलं असेल तर साखरपाण्याचा एक थेंब हिरडीला बोटानं चोळा, पाजायचं नाही, फक्त चोळायचं.

आणि कापसात परत ठेवू नका. सुट्टा कापूस मऊ दिसतो पण त्याचे धागे पिल्लाच्या पायाला, मानेला गुंडाळले जातात. जुनी सुती साडी किंवा बनियन घ्या.

गिरणाकाठची

वरच्या दादांनी सांगितलं ते आधी करा. बाकी तुमच्या प्रश्नाचं उत्तर, हो, चिंगी घेण्याची शक्यता खूप चांगली आहे आणि मी तर म्हणेन की मांजर उपलब्ध असताना बाटलीच्या नादी लागूच नये. मी चाळीसगाव भागात राहते, आमच्या मळ्यात मांजरी कायम असतात आणि पोरकी पिल्लं दुसरीकडे लावायचं काम मी बऱ्याचदा केलंय. गोठ्यात एकत्र राहणाऱ्या मांजरी तशाही एकमेकींची पिल्लं पाजतात, बहिणी-बहिणी किंवा मायलेकी असल्या तर एकाच टोपल्यात दोघींची पिल्लं मिसळून टाकतात. त्यामुळे परकं पिल्लू पाजणं हे मांजरीच्या स्वभावाच्या बाहेरचं नाही.

माणसाचा हात लागला म्हणून मांजर पिल्लू मारते हे खरं नाही. मारते किंवा टाकते ती बहुतेक वेळा घाबरल्यामुळे, सारखं कोणी डोकावून पाहत असलं, कुत्रं येत असलं, जागा उघडी असली तर. किंवा पिल्लू आजारी असलं, गार पडलेलं असलं तर ती त्याला बाजूला करते. म्हणून तर गरम करूनच न्यायचं, गार पिल्लू तिला मेलेलं वाटू शकतं.

तुमच्या बाजूनं काय काय चांगलं आहे ते सांगते. तिची पिल्लं आठवड्याची म्हणजे तिचं दूध चांगलं चालू, आई म्हणून तिची माया पण आत्ता सगळ्यात जास्त. पिल्लांच्या वयात फरक थोडाच आहे. मांजरीला सड आठ असतात आणि तिला तीनच पिल्लं, म्हणजे जागा आहे. हेच जर तिची पिल्लं महिन्याची असती किंवा सहा असती तर मी वेगळं बोलले असते.

आता कसं करायचं. मांजर वासावर चालते. काकूंना सांगा चिंगीच्या अंथरुणातला एखादा फडका द्या, जो तिच्या पिल्लांखाली असतो तो. तो फडका तुमच्या पिल्लाच्या अंगावर सगळीकडे चोळा, डोकं, पाठ, आणि खास करून शेपटीखाली कारण आई तिथंच आधी हुंगते. अजून चांगलं म्हणजे तिच्या एखाद्या पिल्लाला ओल्या कापसानं शेपटीखाली हळू पुसलं की ते थेंबभर शू करतं, तो कापूस ह्याच्या अंगाला लावा. ऐकायला घाण वाटेल पण ह्याच्याइतकं खात्रीचं दुसरं काही नाही. तुमच्या हाताला साबणाचा, पावडरचा, लसणाचा वास नको, साध्या पाण्यानं धुवा आणि त्याच फडक्याला पुसा.

मग चिंगीला काहीतरी आवडीचं खायला बाहेर द्या, उकडलेलं अंडं, मासा जे असेल ते. ती खात असताना पिल्लू तिच्या पिल्लांच्या मध्ये, खाली, ढिगात घालायचं. वर ठेवायचं नाही, मध्ये. पाच-दहा मिनिटं ते तिथं राहिलं तर सगळ्यांचा वास एकमेकांना लागतो. चिंगी परत आली की तुम्ही लांब बसून पाहायचं. हुंगेल, कदाचित एकदा फिस्कारेल, त्याला घाबरू नका. मग चाटायला लागली की काम झालं समजा. चाटणं म्हणजेच घेतलं. फिस्कारून पंजा मारला, मानेला धरून बाहेर नेऊन टाकलं, किंवा स्वतःच उठून कोपऱ्यात जाऊन बसली तर पिल्लू लगेच काढून घ्या, ऊब द्या, दोन-तीन तासांनी परत प्रयत्न करा. काही मांजरी दुसऱ्या-तिसऱ्या वेळी घेतात.

पहिले काही तास एकटं सोडू नका. पण म्हणून सगळी गल्ली गोळा करून बघत बसू नका, एकच माणूस, तो पण काकूच, जिला चिंगी ओळखते.

पांझरा ८१

मी धुळ्याकडे पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करते. गिरणाकाठची ताईंनी सांगितलेली पद्धत बरोबर आहे, पण माझं एक म्हणणं आहे, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही एक पिल्लू वाचवायला जाताय आणि तिकडे एक आई अन् तीन निरोगी पिल्लं आहेत. बाहेरच्या मांजरीचं पिल्लू म्हणजे सोबत काय येतंय ते माहीत नाही. मांजरांचा पार्व्हो, ज्याला पॅनल्यूकोपेनिया म्हणतात, तो लहान पिल्लांचं अख्खं वेत घेऊन जातो, आणि तो विषाणू जागेवर महिनोन्महिने टिकतो, साध्या फिनाईलनं मरत नाही. सर्दीचे विषाणू असतात, ल्युकेमियाचा विषाणू लाळेतून आणि दुधातून पसरतो, आणि तो दोन्हीकडून पसरू शकतो हे लक्षात घ्या, चिंगीकडून ह्या पिल्लाला पण.

त्यामुळे मला आधी सांगा, मेलेल्या मांजरीला काही आजार दिसत होता का? उलट्या, जुलाब, नाक-डोळ्यातून पाणी? खात होती का? ती दोन पिल्लं कशी होती, त्यांच्या शेपटीजवळ जुलाब लागलेले होते का? आणि चिंगीला लस दिलेली आहे का? ह्याची उत्तरं नीट मिळेपर्यंत मी तरी पिल्लू टोपल्यात घालणार नाही.

सातपुड्याची लेक

थँक्यू सगळ्यांना, खूप धीर आला. पिल्लू स्वेटरमध्ये घेऊन बसलेय, बाटली पण केलीय. आता थोडं वळवळायला लागलंय आणि बोट चोखतंय!!

ताई, ती मांजर चांगली धडधाकट होती, आदल्या दिवशीच आमच्या अंगणात भाकरी खाऊन गेली होती, आता लक्षात येतं की पोट रिकामं झालं होतं तिचं. रस्त्यावर गेली ते गाडीनंच, शेजारच्या दादांनी पाहिलं. दोन्ही पिल्लं स्वच्छ होती, जुलाब वगैरे काही नाही, फक्त ढिगाच्या बाहेरच्या बाजूला, फरशीवर घसरून आली होती. जे जगलं ते कापसात खोल होतं. चिंगीला लहानपणी लस दिली होती असं काकू सांगतात, त्यानंतर नाही. तिला चार वर्षं झाली, घरातच असते जास्त, हे तिचं दुसरं बाळंतपण.

पांझरा ८१

हे वाचून बरं वाटलं. आई अपघातानं गेली, भावंडं थंडीनं गेली, म्हणजे आजाराचा संशय बराच कमी. लहानपणची का होईना लस झालेली आहे हेही चांगलं. तरी दोन कामं करा. एक, पिल्लाच्या अंगावर पिसवा आहेत का उजेडात नीट बघा, मानेभोवती आणि मांड्यांमध्ये. ९० ग्रॅमच्या जिवात रक्त असतं किती, पिसवांनीच पिल्लू पांढरंफट्ट पडून मरतं. हिरड्या गुलाबी आहेत का पाहा. पिसवा असतील तर बारीक फणीनं काढा. कुत्र्याची पिसवांची पावडर किंवा स्प्रे चुकूनही नको, त्यात पर्मेथ्रिन असतं ते मांजराला विष आहे. डेटॉलच्या पाण्यानं पुसू नका, तेही मांजरांना चालत नाही. छातीला विक्स, कापूर असलं काही लावू नका, खेड्यात थंडी वाजतेय म्हणून लावतात हो, म्हणून सांगते.

दुसरं, पिल्लू उलटं धरून टाळू बघा, फाटलेली आहे का. फाटलेली असेल तर दूध नाकात जातं आणि मग मांजरही उपयोगाची नाही.

आणि उद्या दवाखाना उघडला की दोघांना, म्हणजे पिल्लाला आणि जमलं तर चिंगीला पण, दाखवून घ्या. गुरांचा दवाखाना म्हणून लोक मांजर न्यायला लाजतात, लाजू नका. जळगावला जाणं होणार असेल तर जिल्ह्याचं पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे.

गिरणाकाठची

ताई तुमची काळजी पटते, पण मला एक सांगावंसं वाटतं की एवढ्याशा पिल्लाच्या बाबतीत थांबणं हाही धोकाच आहे. मोठ्या मांजराला आपण दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवू शकतो, ह्याला ठेवून काय करणार? मधल्या काळात त्याला दर दोन तासांनी रात्रंदिवस पाजणार कोण, शेतीच्या घरात पहाटे चारला उठून बाई आधीच कामाला लागलेली असते. बाटलीनं पाजलेली कितीतरी पिल्लं ठसका लागून न्यूमोनियानं जातात. चिंगी दूध देते, ऊब देते, चाटून शू-शी करवते, आणि हे पिल्लू मांजर म्हणून वाढतं, चावायचं किती, खेळायचं कसं हे भावंडांकडून शिकतं.

पांझरा ८१

हो, माझं नाही म्हणणं नाहीच, विचारून मग द्या एवढंच होतं. आई आजारानं गेली असती तर मी शेवटपर्यंत नकोच म्हटलं असतं. इथं द्या.

एक मात्र सगळ्यांनी लक्षात घ्या, चीक. गाईच्या वासराला जसा चीक लागतो तसाच पिल्लालाही, आईच्या पहिल्या दुधातून रोगाशी लढायची ताकद येते आणि ती पिल्लाच्या आतड्यातून रक्तात जाऊ शकते ती फक्त जन्मानंतर एका दिवसाच्या आतच. चिंगीचं दूध आता साधं दूध आहे, चीक नाही. ह्या पिल्लाला स्वतःच्या आईचा चीक मिळाला असणार कारण नाळ वाळलीय, म्हणजे ते जन्मून एक-दोन दिवस झालेत. ज्यांना जन्मल्या जन्मल्या पोरकं झालेलं पिल्लू सापडतं त्यांनी मात्र डॉक्टरांना हे आवर्जून सांगायचं.

आप्पा अमळनेर

पोरी, घाबरू नको. मांजरले मोजता येत नही, वास मात्र बरोबर वळखस.

बाकीचं मराठीत लिहितो म्हणजे सगळ्यांना वाचता येईल. पिल्लू लावायच्या आधी बोक्याची सोय बघा. रात्री खिडकी, गच्चीचा जिना, धाब्याचं भोक सगळं बंद. बोका पिल्लं मारतो आणि मग दोष त्या बिचाऱ्या मांजरीला लागतो की तिनंच खाल्ली. आमच्याकडे असं झालेलं लोकांनी पाहिलंय. आणि दुसरं, ती मांजर पिल्लं उचलून दुसरीकडे नेईल, सात घरं फिरवते म्हणतात ना. नेऊ द्या. मात्र नव्या पिल्लाला नेलं का मागे ठेवलं ते बघा. नेलं तर ते तिचं झालं. मागे ठेवलं तर तुम्ही उचलून नव्या जागी ठेवा, रागावू नका तिच्यावर.

जिजींना सांगा वात नको. गाईचं दूध मांजरीच्या दुधापेक्षा पातळ, जुलाब लागतात. आम्हीही जुन्या काळी वातीनंच पाजायचो, जगायची त्यातली थोडीच.

सातपुड्याची लेक

आप्पा नमस्कार 🙏 जिजींना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या बरोबर आहे.

तर आत्ता सांगते काय झालं. पिसवा दोनच होत्या, काढल्या. टाळू ठीक आहे. पिल्लू चांगलं गरम झाल्यावर काकूंकडे घेऊन गेले, काकूंनी चिंगीला अंडं दिलं, फडका चोळला, शूचा कापूस पण लावला, आणि तिन्ही पिल्लांच्या मध्ये घातलं. चिंगी आली, बसली नाही, उभ्यानंच हुंगत राहिली, मग एकदा जोरात फिस्कारली आणि माझ्या काळजाचं पाणी झालं. काकूंनी मला हातानं खूण केली की हलू नको. मग ती गोल फिरून आडवी झाली आणि सगळ्यात आधी स्वतःच्या पिल्लाला चाटलं, त्याच्या शेजारच्याला चाटलं आणि मग ह्याला!! इतका वेळ चाटत होती की पिल्लू उलटंपालटं होत होतं. आता चौघं चिकटून आहेत. काकूंच्या डोळ्यात पाणी आलं आणि माझ्या पण.

पण एक अडचण आहे. तिची पिल्लं ह्याच्या दुप्पट दिसतात, ती ह्याला ढकलून देतात. हे तोंड लावतं, थोडं चोखतं, की दुसरं येऊन वर चढतं. पोट भरतंय की नाही कळत नाही. काय करू?

गिरणाकाठची

वा वा वा, चिंगीला माझ्याकडून एक अंडं जास्त!

ढकलाढकली होणारच. पिल्लं पहिल्या काही दिवसांतच आपापला सड धरून ठेवतात, ठराविक पिल्लू ठराविक सडालाच जातं, आणि ह्याला अजून त्याची जागा मिळाली नाही. तुम्ही असं करा, मोठी तिन्ही पिऊन झोपली की ह्याला उचलून मागच्या पायांकडच्या सडाला लावा, जो रिकामा असेल आणि ज्याच्यातून दूध येतंय अशा. बोटानं हळू दाबून थेंब काढून ह्याच्या तोंडाला लावला की ते धरतं. काकूंनी दिवसातून चार-पाच वेळा एवढं केलं तरी पुरे. गरज वाटली तर मोठ्यांपैकी दोघांना उबदार टोपलीत दहा-पंधरा मिनिटं बाजूला ठेवा, पण चिंगीच्या नजरेसमोर, नाहीतर ती बेचैन होते.

आणि पोट भरतंय का हे डोळ्यांनी ठरवू नका, काट्यानं ठरवा.

भुसावळकर

काट्यावर माझं पण दुमत नाही. रोज एकाच वेळी, सकाळी, वजन करून वहीत लिहा. रोज १० ते १५ ग्रॅम वाढलं पाहिजे, दोन आठवड्यात जन्माच्या दुप्पट. एक दिवस वाढलंच नाही तर त्याच दिवसापासून वरून दूध सुरू करायचं, आणि कमी झालं तर डॉक्टर. पिल्लाची तब्येत बिघडतेय हे बाहेरून दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो, काटा ते एक-दोन दिवस आधी सांगतो. पाच ग्रॅमचे टप्पे दाखवणारा किराणाचा काटा चालत नाही, एक ग्रॅम दाखवणारा पाहिजे. माझ्या मावसभावाचं जळगावला सराफी दुकान आहे, आमचं पिल्लू रोज त्याच्या सोन्याच्या काट्यावर मोजायचो, गिऱ्हाईक पण कौतुकानं थांबून बघायचं.

वरून पाजायला लागलंच तर मांजराच्या पिल्लांची दूध पावडर मिळते, ऑनलाईन मागवा किंवा जळगाव-भुसावळच्या पेट शॉपमध्ये. ती येईपर्यंत एखाद्या रात्रीपुरतं शेळीचं दूध गाईच्यापेक्षा बरं, पण रोजचं नाही. पिल्लाला पोटावर, चार पायांवर उभं असल्यासारखं ठेवून पाजायचं, माणसाच्या बाळासारखं पाठीवर उताणं कधीच नाही. सिरिंजनं थेंब थेंब, दाबून ढकलायचं नाही. एवढ्या पिल्लाला एका वेळी तीन-चार मिली पुष्कळ.

पांझरा ८१

आता थोडं चिंगीबद्दल, कारण सगळे पिल्लाचंच बोलून राहिलेत. चार पिल्लांना पाजणाऱ्या मांजरीला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खायला लागतं. दूध-पोळी आणि भाकरीवर ते होत नाही, मांजर हा मांस खाणारा प्राणी आहे. उकडलेलं अंडं, मीठ-मसाला न घातलेलं उकडलेलं चिकन, काटे काढलेले मासे, आणि जमलं तर पिल्लांसाठीचं कोरडं खाद्य भरून ठेवा, त्यात ताकद जास्त असते. पाणी कायम. शेवभाजीचा रस्सा, वांग्याचं भरीत असलं कांदा-लसणाचं काही देऊ नका, कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला वाईट.

काकूंना सांगा रोज एकदा सडांवरून हात फिरवायचा. एखादा सड दगडासारखा घट्ट, गरम, लाल झाला असेल तर सडाला सूज आहे, दाखवून घ्या. आणि चिंगी थरथरायला लागली, पाय ताठ करायला लागली, धापा टाकायला लागली तर कॅल्शियम कमी झालंय, दूध जास्त चाललं की असं होतं. तेव्हा सकाळची वाट पाहायची नाही, ताबडतोब डॉक्टर, इंजेक्शननं उतरतं. पिल्लं लगेच बाजूला करायची.

आणि माणसांचं एक. चिंगी पिल्लांवरून कोणाला चावली किंवा ओरखडलं तर हळद लावून बसू नका, साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि सरकारी दवाखान्यात रेबीजची लस घ्या, फुकट असते. मांजर घरची आहे म्हणून सोडून देऊ नका.

सातपुड्याची लेक

सगळ्यांना उशिरा कळवतेय, केळीच्या कामात अडकलो होतो. पिल्लू मस्त आहे!! वजन पहिल्या दिवशी वाढलं नव्हतं म्हणून काकूंनी मागच्या सडाला लावून लावून पाजलं, आणि एका भल्या माणसाकडून पावडर मिळाली ती थोडी दिली, त्यानंतर रोज वाढतंय, काल २१० ग्रॅम भरलं. डोळे उघडले, निळे निळे आहेत. चिंगीनं मध्ये सगळ्यांना उचलून पलंगाखालून धान्याच्या कोठीमागे नेलं आणि आप्पा, ह्याला तिनं सगळ्यात पहिलं नेलं. डॉक्टरांनी पण पाहिलं, ठीक म्हणाले.

आता दोन प्रश्न. काकूंना चौघं ठेवणं शक्य नाही, दोघांना मागणी आली आहे, लोक म्हणतात महिन्याचं झालं की नेतो. द्यायची का महिन्यानंतर? आणि जंत-लस कधी?

पांझरा ८१

किती छान, अभिनंदन काकूंचं आणि चिंगीचं!

महिन्याला देऊ नका. महिन्याला ती वरचं खायला नुकती सुरुवात करतात, आईचं दूध चालूच असतं. कमीत कमी आठ आठवडे, दहा-बारा झाले तर अजून चांगलं. लोक घाई करतात कारण लहान पिल्लू गोड दिसतं, त्यांना सांगा येऊन खेळून जा, नेऊ नका. जंताचं औषध साधारण तीन आठवड्यांपासून, वजनावर मोजून, डॉक्टरांकडूनच. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना, मग तीन-चार आठवड्यांनी परत, सोळा आठवडे होईपर्यंत. रेबीजची तीन महिने झाल्यावर.

आणि चिंगीचं ऑपरेशन आत्ताच ठरवून ठेवा. मांजर पाजत असतानाच परत माजावर येऊ शकते, लोकांना वाटतं दूध चालू आहे तोवर गाभण राहणार नाही, तसं नाही. पिल्लांचं दूध सुटलं, सड आटले की लगेच करून घ्या, तोपर्यंत आप्पांनी सांगितलं तसं बोक्याला घरात येऊ देऊ नका. देणार ती पिल्लं ज्यांना देताय त्यांच्याकडूनही ऑपरेशनचं कबूल करून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी कोणाच्या तरी कापसात परत हेच.

आप्पा अमळनेर

पोरी, जे पिल्लू सापडलं ते मात्र कोणाला देऊ नको, तुझ्याकडेच ठेव. कापसाच्या खोलीत उंदीर असतीलच.

सातपुड्याची लेक

नाही देणार आप्पा, जिजींनी आधीच सांगून ठेवलंय की ते आपल्याच घरी येणार, नाव पण ठेवलं, सरकी. चिंगीच्या ऑपरेशनचं आज काकूंशी बोलते आणि दवाखान्यात तारीख विचारून इथेच लिहिते. सर्वांचे मनापासून आभार.